नोकरीची बातमी कुठून येते?

सुदुंबरे गावाची जागा नकाशावर पाहिली, तर इथल्या तरुणाला नोकरीची चिंता नसावी असंच कुणालाही वाटेल. मावळ तालुक्याच्या कडेला हे गाव. एका अंगाला तळेगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला चाकणची. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकण पट्ट्यात आहेत, जेसीबीचा तळेगावकडे. शिवाय प्रत्येक मोठ्या कारखान्यामागे सुटे भाग पुरवणारी लहान-मोठी युनिटं. इंजिनिअरिंग कॉलेज तर गावातच आहे. तरीही शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलायला बसलं की थोड्याच वेळात एक वाक्य येतं: "कंपनीत आपली ओळख नाही."

आणि त्याच सुमारास लातूर-बीडकडून आलेला, चाकणला कॉट बेसिसवर राहणारा एखादा डिप्लोमावाला आत लागलेला असतो. त्याच्या सात पिढ्यांत कुणी चाकण पाहिलेलं नसतं. गेटपासून काही किलोमीटरवर वाढलेल्याला जागा निघाल्याचं कळत नाही आणि शेकडो किलोमीटरवरून आलेल्याला कळतं, हे घडतं कसं?

"वशिला" हे उत्तर पटकन तोंडात येतं. वशिला असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण लातूरच्या मुलाकडे कुठला आमदार किंवा मॅनेजर मामा होता? बहुतेक वेळा त्याच्या खोलीत राहणाऱ्या कुणाच्या तरी माहितीतल्या माणसाने सांगितलेलं असतं, "आमच्याकडे क्वालिटीत दोन जागा निघताहेत, उद्या बायोडाटा दे." त्याला कुणी नोकरी लावून दिलेली नसते, फक्त बातमी वेळेवर पोचलेली असते. ओळख म्हणजे दडपण आणणारा माणूस असं धरून चाललं, तर हा सगळा व्यवहार समजतच नाही. ती बातमीची वाट आहे असं धरून पाहू.

रोज भेटणारे आणि क्वचित भेटणारे

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात एक साधी चौकशी केली. अलीकडे नोकरी बदललेल्या तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामातल्या लोकांना तो विचारत होता, की ही जागा तुम्हाला कळली कुठून? निम्म्याहून अधिक लोकांना ती माणसांकडून कळली होती, जाहिरातीतून नव्हे. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला: ज्याने सांगितलं तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत होता?

इथे निकाल अपेक्षेच्या उलट आला. माणसांकडून बातमी मिळालेल्यांपैकी आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्याकडून ती मिळालेले जेमतेम १६.७ टक्के होते. ५५.६ टक्के लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली होती. आणि २७.८ टक्के लोकांना अशा माणसाकडून, जो वर्षातून एखाद्या वेळी भेटायचा किंवा तेवढाही नाही. जुना सहकारी, कॉलेजात मागच्या बाकावर बसणारा कुणी, लग्नात गाठ पडलेला कुणाचा तरी मेहुणा. या चौकशीवरचा ग्रॅनोव्हेटरचा लेख १९७३ साली प्रसिद्ध झाला. लांबच्या नात्यांचं बळ ही त्यातली कल्पना आजही या विषयाच्या मुळाशी आहे.

जिवाभावाचे मित्र मदत करायला मागे असतात असं यातून निघत नाही. तेच सगळ्यात आधी धावून येतात. अडचण त्यांच्या मनात नसते, त्यांच्या माहितीत असते. मावळातली भाताची खाचरं डोळ्यांसमोर आणा. एका खाचरात साठलेलं पाणी त्या खाचरात सगळीकडे सारखंच असतं. या कोपऱ्यातून घेतलं काय आणि त्या कोपऱ्यातून घेतलं काय, नवीन काही मिळत नाही. नवं पाणी येतं ते बांधाला ठेवलेल्या तोंडातून, शेजारच्या किंवा वरच्या खाचरातून. रोज भेटणारे चार मित्र एकाच खाचरात असतात. एकाच कॉलेजचे, एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे, एकाच टपरीवर चहा पिणारे. तुम्हाला ठाऊक नाही ते बहुधा त्यांनाही ठाऊक नसतं. वर्षातून एकदा भेटणारा माणूस वेगळ्या खाचरात उभा असतो, आणि त्याची-तुमची ओळख म्हणजे बांधातलं ते तोंड.

चाकणच्या कॉट बेसिसच्या खोलीत नेमकं हेच होतं. सहा जण सहा जिल्ह्यांतले, वेगवेगळ्या कंपन्यांत, वेगवेगळ्या शिफ्टला. एकमेकांशी फार घट्ट मैत्री नसते, पण खोलीत रोज सहा ठिकाणची बातमी येते. आपल्या गावात, आपल्या माणसांत राहणाऱ्याचं सुख मोठं असतं, पण त्याच्याकडे ही सहा तोंडं नसतात.

किती लांबचा?

या कल्पनेची मोठी परीक्षा २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. लिंक्डइनवर "तुम्ही यांना ओळखत असाल" म्हणून नावं सुचवली जातात. संशोधकांनी काहींना जवळच्या वर्तुळातली, तर काहींना लांबची नावं अधिक सुचवली आणि पाच वर्षांत पुढे कुणाला नोकरी लागली ते पाहिलं. दोन कोटींवर माणसं, सुमारे सहा लाख नोकऱ्या. (आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्या माणसांना ठाऊक नव्हतं. त्यावर टीका झाली आणि ती योग्य होती.)

निकाल ग्रॅनोव्हेटरच्या बाजूने लागला, पण दोन दुरुस्त्या घेऊन. पहिली, अगदी अनोळखी माणूस फारसा उपयोगी पडत नाही. सर्वांत कामाचा ठरतो तो मध्यम अंतरावरचा, ज्याच्या-तुमच्यात काही सामाईक ओळखी आहेत पण रोजचं येणंजाणं नाही. दुसरी दुरुस्ती आपल्या भागासाठी फार मोलाची आहे. ज्या उद्योगांत संगणकाधारित काम जास्त, तिथे लांबच्या ओळखी चालल्या. जिथे ते कमी, तिथे जवळच्या नात्यांनीच जास्त काम केलं. म्हणजे हिंजवडीच्या आयटी कंपनीत जाऊ पाहणाऱ्या मुलीला जे लागू पडतं, ते एखाद्या लहान प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर म्हणून लागू पाहणाऱ्या मुलाला तसंच्या तसं लागू पडणार नाही. लहान युनिटचा मालक आजही विचारतो, "कुणाचा कोण?" ज्याच्या हाती मशिन द्यायचं त्याची कुणीतरी हमी घ्यावी, असं त्याला वाटतं.

ओळखीच्या माणसाकडून आलेल्या उमेदवाराला पसंती का मिळते, त्याचंही उत्तर इथेच आहे. बायोडाट्यावरून मार्क कळतात, रात्रपाळीला वेळेवर येईल का ते कळत नाही. नाव सुचवणाऱ्याची स्वतःची पत पणाला लागलेली असते, म्हणून तो सहसा पारखूनच नाव सांगतो. मालकाच्या दृष्टीने हीसुद्धा बातमीच, फक्त उलट दिशेने आलेली.

गिरणगावाने काय दाखवलं

जवळच्या नात्यांवर उभी राहिलेली नोकरीची सर्वांत मोठी व्यवस्था आपण महाराष्ट्रातच पाहिली आहे. मुंबईत कापड गिरण्या १८५०च्या दशकात सुरू झाल्या. पुढे कित्येक दशकं गिरणीत माणूस लावायचं काम जॉबरच्या हाती होतं, आणि बायकांच्या खात्यात नायकिणीच्या. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस आणायचा. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून आलेला तरुण गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत उतरायचा, खानावळीत जेवायचा, त्याच नात्यातून बदली कामगार म्हणून लागायचा, आजारी पडला तर त्याच नात्यातून उसने पैसे मिळायचे. जॉबर पैसेही खायचा, धाकही दाखवायचा. पण परक्या शहरात छप्पर आणि पहिला पगार देणारी दुसरी कुठली यंत्रणा त्या माणसापाशी नव्हती. या व्यवस्थेला नुसती नावं ठेवणारे त्या खोलीतली पहिली रात्र विसरतात.

तिची मर्यादा दिसली ती गिरण्या बसू लागल्या तेव्हा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकेक करत बंद पडल्या आणि खोलीतल्या सगळ्यांचं काम एकदमच गेलं. भाऊ गिरणीत, मेहुणा गिरणीत, शेजारी गिरणीत. दुसऱ्या उद्योगात काय चाललंय ते सांगणारा कुणीच नव्हता. घट्ट नात्यांनी आत नेलं होतं, पण बाहेरचा रस्ता त्या नात्यांत नव्हता.

याचा पुढचा अध्याय अर्थतज्ज्ञ काइव्हन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमध्ये शोधला. त्यांनी जवळपास पाच हजार मराठी कुटुंबांची पाहणी केली, शिवाय दादरच्या शाळांमधल्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट दिसते. १९९०च्या दशकात इंग्रजी येणाऱ्यांना मिळणारे पगार झपाट्याने वाढले, तरी ज्या जातींतले पुरुष पिढ्यान् पिढ्या कामगार म्हणून काम करत होते, त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. कारण त्या वाटेच्या टोकाला चुलता-मामा काम लावून देईल याची खात्री होती. त्याच घरांतल्या मुलींसाठी मात्र अशी कुठली साखळी कधीच नव्हती. त्यांना कुणी कुठे लावून देणार नव्हतं, म्हणून त्यांना इंग्रजी माध्यमात घालताना आई-वडिलांना काही गमवावं लागत नव्हतं. त्या मुलींनी नव्या नोकऱ्यांचा फायदा भावांहून अधिक घेतला.

या अभ्यासातून मराठी माध्यम वाईट असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. मुद्दा साखळीचा आहे. आपल्या माणसांनी धरलेला हात आपल्याला उभं करतो, आणि तोच हात कधी कधी आपल्याला एकाच जागी धरून ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

हेच गणित तळेगावलाही लागू पडतं. जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. एक कारखाना बंद होतो तेव्हा एका लाइनवर शेजारी-शेजारी उभे राहणारे सगळे एकाच दिवशी नोकरी शोधायला लागतात, आणि तेही एकमेकांनाच विचारत. अशा वेळी ज्याची एखादी ओळख दुसऱ्या कंपनीच्या स्टोअर्समध्ये, एखादी पुरवठादाराकडे, एखादी जुन्या आयटीआयच्या सरांशी आहे, त्याला निदान विचारायला जागा असते. म्हणून ओळखी नोकरी असतानाच जोडायच्या असतात, गेल्यानंतर नव्हे.

ज्यांच्या वाटेला तोंडंच नाहीत

इथवर वाचून वाटेल, की चला, थोडं लोकांत मिसळलं की झालं. सगळ्यांना ते सारखं सोपं नाही. समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून २००७ साली लिहिलं, की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असं म्हणणारेच मुलाखतीत "घरी कोण कोण आहे, वडील काय करतात" हे आवर्जून विचारत होते. उत्तरात मुलाची जात, वर्ग, ऐपत सगळं येतं. कंपनीत ज्याच्या समाजाचं कुणी नाही, त्याला बातमीही उशिरा मिळते आणि मिळाल्यावरही जास्त तपासलं जातं. ही त्याच्या बोलण्यातली उणीव नव्हे.

मुलींचंही तसंच. ऑफिस सुटल्यावर टपरीवर, क्रिकेटच्या मैदानावर, रात्रीच्या जेवणात ज्या गप्पा होतात त्यातूनच निम्म्या बातम्या फिरतात, आणि सहाची बस पकडणारी मुलगी तिथे नसते.

जिथे आपोआप ओळखी होत नाहीत तिथे त्या मुद्दाम उभ्या कराव्या लागतात, आणि महाराष्ट्रात हे झालेलं आहे. पुण्यात १९३४ साली मराठा चेंबर ही व्यापारी-उद्योजकांची संघटना स्थापन झाली. २००५ साली पुण्यातच मिलिंद कांबळे यांनी डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर, सुरू केलं. बँक, मोठी कंपनी आणि नवा उद्योजक एका टेबलाशी बसतील अशी जागाच आधी नव्हती, ती त्यांनी केली.

निरोप तिसऱ्या तोंडी टिकला पाहिजे

आता बोलण्याच्या कौशल्याकडे येऊ. लांबच्या ओळखीत एक अडचण असते: तो माणूस आपल्याला नीट ओळखत नाही. तो आपल्याबद्दल पुढे सांगेल तेव्हा आपण तिथे नसू. त्याच्या मॅनेजरला तो जेमतेम एक वाक्य सांगेल. ते वाक्य कुठून येणार? आपणच त्याला दिलेलं असलं तरच. म्हणून संवादकौशल्य म्हणजे फाडफाड इंग्रजी हा समज सोडून द्यावा. तिसऱ्या माणसाच्या तोंडीही न बदलता पोचेल असं आपलं काम सांगता येणं, हे खरं कौशल्य. "मी मेहनती आहे, शिकायची तयारी आहे" हे कुणी पुढे सांगू शकत नाही, कारण ते सगळ्यांचंच वर्णन आहे. "याने प्रोजेक्टमध्ये फिक्श्चर बनवून पार्ट बसवायचा वेळ कमी केला" हे मात्र सहज सांगता येतं. काय केलं, कशाने केलं, काय झालं, हा क्रम मनात पक्का असेल तर मोडक्यातोडक्या हिंदीतही वाक्य उभं राहतं.

संवादकौशल्याचा दुसरा अर्धा भाग ऐकण्याचा, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. याच सुदुंबऱ्यात संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. व्यवसायाने तेली, तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. त्यांनी अभंग ऐकले आणि लिहून ठेवले, आणि त्यांच्या वह्या गाथेच्या अभ्यासकांना आजही मोलाच्या वाटतात. ऐकलेलं टिपून ठेवणाऱ्या माणसाचं मोल या गावाला वेगळं सांगायला नको. कामापुरतं बोलायचं तर, अनुभवी माणसाशी दहा मिनिटं बोलल्यावर त्याने कुठलं सॉफ्टवेअर शिकायला सांगितलं, कुणाचं नाव घेतलं, कुठल्या महिन्यात भरती होते म्हणाला, ते त्याच दिवशी वहीत उतरलं पाहिजे. पुढच्या वेळी त्याच धाग्याने बोलणं सुरू करता येतं, आणि आपलं म्हणणं ऐकलं गेलं हे त्या माणसालाही कळतं.

> चौकट: एकच मेसेज, दोन प्रकारे
>
> नेहमीचा: "गुड मॉर्निंग सर. काही व्हेकन्सी असेल तर प्लीज कळवा. बायोडाटा पाठवत आहे."
>
> उत्तर मिळू शकेल असा: "नमस्कार सर. मी सुदुंबऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. माजी विद्यार्थी मेळाव्यात तुम्ही वेल्डिंग फिक्श्चरबद्दल बोलला होतात. आमचा प्रोजेक्ट त्याच विषयावर आहे. क्वालिटी विभागात नव्या माणसाला पहिले सहा महिने काय काम असतं, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. रविवारी सकाळी फोनवर दहा मिनिटं बोलता येईल का? जमणार नसेल तर मेसेजवर दोन ओळी सांगितल्यात तरी चालेल."
>
> फरक कुठे आहे: पहिल्या मेसेजला "नाही" एवढंच उत्तर देता येतं. दुसऱ्यात आपण कोण, ओळख कुठली, नेमकं काय हवं आणि किती वेळ, हे सगळं आहे. नोकरी मागितलेली नाही, माहिती मागितली आहे, आणि ती देणं समोरच्याच्या हातात आहे.

विचारायला जीभ रेटत नाही, तेव्हा

"लोक काय म्हणतील, स्वार्थासाठी फोन केला म्हणतील" ही भीती आपल्याकडे फार खोल आहे. तिच्यामागे चांगले संस्कारच आहेत, पण तिचा अंदाज चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांकडून एक प्रश्नावली भरून आणायला पाठवलं आणि आधी विचारलं, पाच जण तयार व्हायला किती जणांना विचारावं लागेल? लोकांचा अंदाज सुमारे वीसचा होता. प्रत्यक्षात दहाच्या आसपास माणसांना विचारून काम झालं. मागणाऱ्याला आपला संकोच दिसतो. तोंडावर नाही म्हणायला समोरच्याला किती जड जातं, हे मात्र त्याच्या लक्षात येत नाही.

पूर्वी जवळ असलेले आणि आता संपर्क सुटलेले लोक तर हमखास विसरले जातात. अशा थंड पडलेल्या ओळखी संशोधकांनी काही व्यवस्थापकांना पुन्हा जागवायला लावल्या, तेव्हा त्यांच्याकडून मिळालेला सल्ला रोजच्या माणसांच्या सल्ल्यापेक्षा नवा आणि कामाचा निघाला. कारण उघड आहे: विश्वास जुना असतो, आणि मधल्या काळात तो माणूस वेगळ्या ठिकाणी पोचलेला असतो. दहावीला बरोबर असलेला आणि आता भोसरीला टूल रूममध्ये असलेला मुलगा, हा असा माणूस. त्याला दिवाळीला तयार फोटो पाठवण्यापेक्षा "तू सध्या कुठल्या मशिनवर आहेस?" असं विचारलं तर बोलणं सुरू होतं.

मदत मिळाल्यानंतर एक गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. काय झालं ते परत कळवणं. इंटरव्ह्यू झाला, निवड झाली नाही, अमुक प्रश्न अडला, एवढं दोन ओळींत कळवलं तरी सांगणाऱ्याला पुढे काय सुचवायचं ते समजतं, आणि हा मुलगा गंभीर आहे हेही. नोकरी लागल्यावर गप्प होणाऱ्यांमुळे पुढच्या वर्षीच्या मुलांची वाट बंद होते. कॉलेजातले शिक्षक हे अनेकदा कळकळीने सांगतात.

हे सगळं एकट्या विद्यार्थ्यावर टाकून कॉलेजांना मोकळं होता येणार नाही. ज्याचे आई-वडील शेतात किंवा कंत्राटावर कामाला आहेत, त्याच्यासाठी पहिलं तोंड कॉलेजनेच पाडून द्यायला हवं. त्याला मोठा खर्च नाही. पास झालेली मुलं कुठल्या कंपनीत, कुठल्या विभागात आहेत याची त्यांच्या संमतीने ठेवलेली आणि दरवर्षी ताजी केलेली यादी. दुसऱ्या वर्षापासूनच, म्हणजे नोकरी मागण्याची वेळ येण्याआधी, दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोलून येण्याचं काम. आणि माजी विद्यार्थ्यांच्या भेटी दुपारी, कॉलेजच्या बसच्या वेळेत, म्हणजे संध्याकाळी घरी परतावं लागणाऱ्या मुलींनाही त्या खोलीत बसता येईल.